दसऱ्यानंतरची शाळा

तिसरीच्या हजेरीपटात माझ्या नावापुढे दसऱ्यानंतर नुसत्या गैरहजेरीच्या खुणा असतील. २०११ साली दसरा झाला, तोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाचा ट्रक वेशीत लागला आणि आई-बापूंबरोबर मी आणि माझा दोन वर्षांचा भाऊ कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळकडं ऊसतोडीच्या फडावर गेलो. बीडच्या आपल्या डोंगरपट्ट्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्या कोयत्यावर आगाऊ घेतलेली पैशांची उचल आणि ती फिटेपर्यंत ऊस. आई-बापू पहाटे अंधारातच फडात जायचे. मी कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, भावाला सांभाळायचे, पाणी भरायचे, दुपारी वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधू लागायचे. पट्टा पडून, म्हणजे तोडीचा हंगाम संपून, गावी आलो तेव्हा वर्गात भागाकार शिकवून झाला होता आणि मला हातचासुद्धा आठवत नव्हता. दोष माझ्या डोक्याचाच आहे, असं तेव्हा मला खरोखर वाटायचं.

पुढच्या वर्षी शाळेत तोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह सुरू झालं. गुरुजी आणि शाळा व्यवस्थापन समितीची माणसं घरोघर फिरली. बापू तयार होईनात. पोरगी इथं राहिली तर फडावर धाकट्याला कोण बघणार, हा त्यांचा प्रश्न खराच होता. शेवटी आजीच म्हणाली, "दोघांनाबी ठेवा माझ्यापाशी. पोरगी शाळेत जेवंल, धाकट्याला मी बघते."

सकाळ-संध्याकाळ जेवण शाळेत, रात्री अभ्यास आणि झोपायला घरी, असा आमचा दिवस ठरला. स्वयंपाकाच्या काकू नऊ वाजता बॅटरी घेऊन आम्हा मुलींना दारोदार पोचवायच्या. गुरुजींनी मला चौथीच्या पुस्तकाला हातच लावू दिला नाही. पुढ्यात चोवीस चिंचोके ठेवले आणि चौघींना वाटायला सांगितले. पंधरा दिवस आम्ही चिंचोकेच वाटत होतो. भागाकार मला तिथं समजला.

पण पहिला आठवडा मी धड जेवले नव्हते. गुरुजींच्या वहीत सगळ्या मुकादमांचे नंबर होते. रविवारी संध्याकाळी ते एकेक फोन लावायचे आणि आम्ही ओट्यावर ओळीनं बसायचो. आई "जेवलीस का?" एवढंच विचारायची आणि मग दोघी गप्प. एका रविवारी तिचा फोन लागलाच नाही. त्या रात्री काकू मला पोचवायला आल्या त्या परत गेल्याच नाहीत, आजीच्या घरात माझ्या अंथरुणाशेजारी झोपल्या. त्यांची स्वतःची दोन लेकरं घरी होती, हे मला फार उशिरा उमगलं.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. टँकर आला की बायका आधी शाळेची टाकी भरू द्यायच्या, मग आपल्या घागरी लावायच्या. एवढी भांडणं व्हायची त्या टँकरवर, पण शाळेच्या पाण्यावरून कधी झालं नाही.

एका गोष्टीचा मला आजही राग येतो. मुलं दसऱ्याला मागं राहायची आणि मंजुरी, अनुदान यायला मात्र दिवाळी उलटून जायची. तोडीला माणसं कधी निघतात, हे साऱ्या जिल्ह्याला पाठ असतं. तरी दरवर्षी तेच. मधले दिवस गावानं काढले. ज्यांच्या घरात ज्वारी होती त्यांनी पायली-दोन पायली दिली, कुणी शेंगदाणे दिले, कुणी जळण आणून टाकलं.

आज मी परिचारिका आहे. सुट्टीला गावी आले की संध्याकाळी शाळेत जाते, मुलींची वजनं करते, रक्त कमी आहे का ते डोळ्यांच्या पापण्या ओढून बघते. शाळेच्या अमृतमहोत्सवाला कमान आणि रंगकामासाठी वर्गणी निघाली आहे, ती मीही दिली. पण माझ्याबरोबर शिकलेल्या सगळ्यांना एक मागणं आहे. यंदा दसऱ्याच्या आधी प्रत्येकानं दोन पायल्या ज्वारी शाळेत पोचवावी. माझं पोतं काकूंकडे आधीच दिलं आहे.