टॉकीजला निरोप देताना गर्दी हवी

सोलापुरातलं आमच्या भागातलं टॉकीज या महिनाअखेर बंद होणार आहे. भावाने गेटवर चिकटवलेल्या कागदाचा फोटो पाठवला तेव्हापासून माझं इथे लंडनमध्ये कशात लक्ष नाही. म्हणून गावाकडच्या माणसांसाठी हे लिहितेय.

आमच्या घरात तेलुगू, शाळेत मराठी. बाबा चादरीच्या कारखान्यात मागावर, आई घरी विड्या वळायची. हजार विड्या पुऱ्या करून कारखान्यात जमा केल्या की गल्लीतल्या अक्का आणि मावश्या मिळून मॅटिनीला निघायच्या. दुपारच्या खेळाला खालच्या स्टॉलमध्ये निम्म्याहून जास्त बायका असत. कुणाच्या मांडीवर लेकरू, कुणाच्या पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी. दिवसभर मान खाली घालून काम करणाऱ्या या बायका तीन तास मान वर करून बसायच्या. त्या जागेवर माझा जीव आहे तो यामुळे, पडद्यावर कोण होतं ते फार नंतर येतं.

रविवारी सकाळी तेलुगू पिक्चर लागायचा. विनोद झाला की आधी आमच्या रांगा हसायच्या. मग कुणीतरी शेजारच्याला मराठीत समजावून सांगायचं आणि मागून हशाची दुसरी लाट यायची. अक्कलकोटकडची कानडी मंडळी असली तर तिसरीही. तेलुगू, मराठी, कानडी, उर्दू, दखनी हिंदी हे सगळं सोलापूर एका छपराखाली एवढं खुलून बसलेलं मी दुसरीकडे फक्त सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत पाहिलं.

आमचे ऑपरेटर काका कार्बनच्या कांड्यांवर चालणारी प्रोजेक्टरची मशिन्स सांभाळायचे. दोन कांड्यांच्या टोकांमध्ये जळणाऱ्या ज्योतीचा उजेड पडद्यावर पडायचा. कांड्या झिजत जातील तशा त्या हाताने पुढे सरकवाव्या लागत, नाहीतर चित्र पिवळं पडायचं आणि खालून शिट्ट्या सुरू व्हायच्या. दोन हजार फुटांचं रीळ वीसेक मिनिटांत संपतं. संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमकतो, तेव्हा दुसरं मशीन चालू करायचं, दुसऱ्या ठिपक्याला त्याच्यावर जायचं. काकांनी मला तो ठिपका दाखवला आणि त्यानंतर प्रत्येक पिक्चरमध्ये मी तो शोधत बसले. पुढे डिजिटल आलं, रेल्वेने येणाऱ्या रिळांच्या पेट्या थांबल्या. ठिपकाही गेला.

बंद का होतंय हे सोलापूरकराला सांगायला नको. लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, जुनी गिरणी. पाळ्या सुटल्यावर थेट तिकीटखिडकीवर येणारा कामगार या गिरण्यांबरोबरच गेला. उरलेला मल्टिप्लेक्सने आणि मोबाइलने नेला. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये वीस माणसांसाठी पंखे फिरवणं कुठल्या मालकाला परवडेल? त्यांना मी बोल लावणार नाही.

पण निरोपाची रीत असावी. इथे साउथॉलला १९२९ साली बांधलेलं एक थिएटर आहे, दर्शनी भाग चिनी देवळासारखा, छतावर ड्रॅगन. 'हिमालय पॅलेस' या नावाने तिथे २००१पासून हिंदी सिनेमे लागायचे. २०१०मध्ये तेही बंद झालं. इमारत वारसा यादीत असल्यामुळे तिला कुणी हात लावला नाही, ड्रॅगन जागेवर आहेत, आत मात्र दुकानं आली. लंडनच्याच प्रिन्स चार्ल्स सिनेमावर २०२५च्या सुरुवातीला टांगती तलवार आली, तेव्हा लाखावर लोकांनी सह्या केल्या. तिथे लोक आधी एकत्र आले, पुढचं पुढे. आपल्याकडे एके सकाळी कुलूप दिसतं आणि पानवाला सांगतो, 'कालच बंद झालं की!' आपल्या आयांना हसवणाऱ्या, रडवणाऱ्या जागेला असं गुपचूप जाऊ द्यायचं नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

भावाने मालकांची भेट घेतली. शेवटच्या रविवारी सकाळी तेलुगू आणि दुपारी हिंदी असे दोन खेळ लावायला ते तयार आहेत. विडी कामगार बायकांसाठी दुपारच्या स्टॉलची तिकिटं आम्ही गल्लीतली मुलं मिळून काढतोय. डोअरकीपर, ऑपरेटर, सायकल स्टँडवाले, सगळ्यांना खेळाआधी पडद्यासमोर बोलावून हार घालायचे आहेत. काका आता मुलीकडे राहतात, त्यांना रिक्षाने आणण्याचं काम भावाकडे आहे.

आणखी एक काम तातडीचं आहे. केबिनमागच्या खोलीत जुनी पोस्टरं, बाहेर लावायची सिनेमाची शोकार्ड, गाण्यांच्या पुस्तिका पडून आहेत. ते रद्दीत जाता कामा नये. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४पासून अशा गोष्टी जतन करतं. तिथे पत्र लिहायचं मी अंगावर घेतलंय, पण आधी खोलीत काय काय आहे याची यादी हवी. ज्यांना शनिवारी दोन तास देता येतील त्यांनी भावाला गेटवर भेटा. फडकं आणि जाड वही सोबत आणा, धूळ बरीच आहे.