आमची वाटचाल: दुकान रामबागेतलं, काम छतावरचं

1 नोव्हेंबर 2000 ला छत्तीसगड वेगळं झालं, कोरब्याची वीज तिकडे गेली आणि मध्य प्रदेशाच्या वाट्याला भारनियमन आलं. 2003 ची निवडणूक तर ‘बिजली, सडक, पानी’वरच गाजली. इंदूरच्या रामबागेतलं आमचं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान त्याच काळातलं. खोटं कशाला बोलू, लोकांच्या अंधारावर आमची चूल पेटत होती.

पुढे राज्यात वीज मुबलक झाली आणि बॅटऱ्यांचा खप उतरला. लाइट मात्र अजूनही जाते. पावसात फांदी तारेवर पडते, मे महिन्यात घरोघरच्या एसींनी गल्लीतली डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, दमते.

आम्ही सोलरकडे वळलो, तेव्हा जो तो म्हणे, ‘पॅनेल बसलं की लाइटची कटकट संपली.’ तसं होत नाही. साधी ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या तारांना (ग्रिडला) जोडलेली, यंत्रणा लाइट गेली की भर उन्हातही बंद पडते, आणि पडायलाच हवी. एरवी खांबावर चढलेल्या लाइनमनला तुमच्या छतावरची वीज बसेल. यावर एक काकू म्हणाल्या, “मग दादा, एवढे पैसे घालून उपयोग काय?” बिल कमी होतं, हाच. अंधार टाळायचा तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी हवी. लाइट गेली की तो घराला ग्रिडपासून तोडतो आणि फ्रिज, पंखे, वायफाय चालू ठेवतो. गीझर त्यावर टाकू नका, हे आम्ही कोटेशन देतानाच बजावतो.

2024 मध्ये घराच्या छतावर सोलर बसवण्यासाठी केंद्राची पीएम सूर्यघर योजना आली. 3 किलोवॅटला 78 हजारांचं अनुदान, त्यामुळे चौकशांना उसंत नाही. पण एकाच डीपीवर बरीच छतं जोडली गेली की दुपारी वापर कमी आणि वीज जास्त; व्होल्टेज 230 च्या बरंच वर चढतं आणि इन्व्हर्टर ट्रिप होतात. गिऱ्हाईक मग आमच्यावर चिडतं. अशा वेळी स्मार्ट मीटर कामाला येतो. बिल फुगवणारं यंत्र म्हणून लोक त्याला नावं ठेवतात, पण कुठल्या वेळी व्होल्टेज किती होतं याची नोंद त्यात असते. डीपीवरही तसा मीटर असला, तर भार कुठे वाढतोय हे तक्रारीआधीच कळतं.

सध्या सांवेर रोडवरच्या एका छोट्या कारखान्याचं काम हातात आहे. तिथे सोलर, बॅटरी आणि जुना डिझेल जनरेटर एकत्र चालवायचेत. सोलरची वीज जनरेटरमध्ये उलटी शिरू नये म्हणून कंट्रोलर बसवतोय. मालकांना जनरेटर विकूनच टाकायचाय. पावसाळा सरेपर्यंत थांबा, असं आम्ही सांगितलंय.