सरांचं कोटीतीर्थ

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण आलं आणि आधी आठवले ते आपले ड्रॉइंगचे सर. बाकीच्या गुरुजनांना नमस्कार करून मी आज त्यांच्याविषयीच लिहिणार आहे.

सर मूळचे कोल्हापूरचे, त्यामुळे आमच्या कानावर पहिलं नाव पडलं ते चित्रकार आबालाल रहिमान यांचं. जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला हा माणूस मुंबईत राहता तर सुखात जगला असता, पण तो गावी परतला आणि कोटीतीर्थ तळ्याच्या काठी चित्रं काढत बसला, हे सांगताना सरांचा आवाज बदलायचा. तेच तळं, तीच झाडं. पहाटे एक, दिवेलागणीला दुसरंच. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार केलं. १९२२ साली महाराज गेले, आधार तुटला. रंगांना पैसे नसले की आबालाल झाडपाल्याचे, मातीचे रंग करायचे, असं सर सांगत. १९३१ साली तेही गेले. महाराजांच्या दुःखात त्यांनी चित्रांचे गठ्ठे तळ्यात सोडले, ही आख्यायिका मात्र सरांच्याने कधी पुरी सांगवली नाही.

इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या आधी रविवारी सकाळी सर आम्हाला ठाण्याच्या तलावपाळीला, मासुंदा तलावाच्या काठी न्यायचे. एकदा मी कौपिनेश्वर मंदिराकडचा काठ रंगवत होतो. आभाळाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, ओला असतानाच पाऊस आला. मुलं गडकरी रंगायतन नाट्यगृहाच्या आडोशाला पळाली. सरांनी आपली छत्री माझ्या बोर्डावर धरली. "पुसू नकोस. आडवा धर, वाळू दे." तोवर पडलेल्या थेंबांचे पांढुरके डाग निळ्यात पसरले होते. सर नखशिखांत भिजले होते. मासुंदा तलावाकडे बोट करून म्हणाले, "तिथंही असेच पडतायत बघ." ते चित्र मी अजून जपलं आहे. परीक्षेतल्या 'ए' ग्रेडपेक्षा मला त्याचं मोल जास्त.

पुढे मी जे.जे.त उपयोजित कला शिकलो. आज ऐरोलीला ॲनिमेशनची पार्श्वचित्रं करतो. काम सगळं टॅब्लेटवर, तरी नव्या मुलांच्या हाती आधी कागद, ब्रश आणि पाणीच देतो.

मध्यंतरी शाळेत आलो होतो. ड्रॉइंग हॉलची कॉम्प्युटर लॅब झाली आहे. काळाची गरज असेल, पण जीव तुटला. सरांनी रंगवलेलं भिंतीवरचं मोठं कोटीतीर्थ कपाटामागे टेकवून ठेवलेलं दिसलं, खालच्या कोपऱ्याला ओल धरलेली. महोत्सवाच्या प्रदर्शनात ते दर्शनी भिंतीवर लागावं, एवढी विनंती. डागडुजीचा आणि नव्या फ्रेमचा खर्च आमची बॅच करेल. सगळ्यांशी बोलणं झालं आहे.