पुरुमेंतातल्या कादंबऱ्या

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी आईने फडताळातली लोणच्याची जुनी बरणी उचलली, नव्या बरणीला जागा करायला. खालचा कागद बुडाला चिकटून वर आला. तिने तो नखाने सोडवला, खिडकीकडे धरून बघितला आणि मला हाक मारली, "हें तुजें न्हय?"

माझंच होतं. वर 'जून', त्याखाली रेघ आणि रेघेखाली सात कादंबऱ्यांची नावं. तेलाचं गोल कडं तिसऱ्या नावावरून निघून सहाव्याला वळसा घालून परत आलं होतं. तेवढ्या पट्ट्यात कागद असा झिरझिरीत झाला होता की पलीकडच्या बाजूचं विजेचं बिल वाचता येत होतं. बिल गेल्या वर्षीचं, म्हणजे यादीही गेल्या वर्षीचीच. सातांतल्या एका नावापुढे बरोबरची खूण. तीसुद्धा, मला पक्कं आठवतं, पुस्तक निम्मं झाल्यावर उत्साहाच्या भरात केलेली.

"वाचलीं सगळीं?" आईने विचारलं. मी बरणी पुसायला घेतली.

आमच्याकडे गोव्यात हे दिवस पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्यासाठी घरात साठवण करायचे. शब्द पोर्तुगिजांचा, पण त्यात भरायचं सामान इथलंच: सुके बांगडे, गालमो (सुका जवळा), सोलां (आमसुलं), मिरच्या, कांद्याच्या माळा. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, त्यामुळे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मेअखेरीला माणसं अशी खरेदी करतात की जणू पाऊस दसऱ्यापर्यंत दार उघडू देणार नाही. त्या गर्दीत पिशवी धरून उभा असताना मलाही दरवर्षी तेच वाटतं. पाऊस लागला की बाहेर पडणं नको, लायट गेली की टीव्ही बंद, मग माणूस वाचेल नाही तर काय करेल? लायट गेली की वाचताही येत नाही, हे यादी करताना कधी लक्षात येत नाही.

यादीतली नावं मी सांगणार नाही. सांगितली की समोरचा हमखास म्हणतो, "म्हणजे हे तू अजून वाचलंच नाहीस?" आणि ती कादंबरी तिथेच मरते. बाकीचे नियमही तसे माझे मलाच ठाऊक. आकडा विषम हवा. एक तरी जाडजूड हवी, पाचशे पानांच्या वरची. ती वाचायची नसते, यादीला वजन यावं म्हणून असते. एक अगदी बारकी, महिन्याच्या तीस तारखेला अब्रू राखायला. आणि घरात कपाटात असलेलं पुस्तक यादीत घालायचं नाही. ते काय, घरचंच आहे, कधीही वाचू. असं म्हणत म्हणत काही पुस्तकं माझ्याबरोबर दोन घरं बदलून आली आणि अजून त्यांची पानं एकमेकांना चिकटलेली आहेत. वाचून होतात ती परतीची तारीख मारलेली पुस्तकं. तारखेचा धाक पुस्तकालाही लागतो की काय कोण जाणे, पण ग्रंथालयाची कादंबरी भराभर पुढे सरकते.

खरं तर याद्या करायची वेळ आपल्यावर आली ती पुस्तकं फार झाली म्हणून. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक काढलं आणि कादंबरी आठवड्याला एकेक घास अशी वाचकांना भरवली. त्या वाचकाला कसली यादी आणि कसलं नियोजन! आला अंक की वाचायचा, पुढच्या अंकापर्यंत तळमळत बसायचं.

असं तळमळायला मला शिकवलं ते एका कपाटाने.

आमचं मूळ गाव अंत्रुजात, म्हणजे फोंडा तालुक्यात. मे महिन्यात आजीकडे गेलो की अंगणात भिकणां, म्हणजे फणसाच्या आठळ्या, लाल मातीत घोळून वाळत घातलेली असायची आणि कावळे हाकलायला आम्हा पोरांपैकी एकाला बसवलेलं असायचं. माझी पाळी आली की मी पुस्तक घेऊन बसायचो. पुस्तकं मिळायची देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांना उतरायला असलेल्या खोल्यांत. तिथे एका खोलीत लाकडी कपाट होतं, आणि तेच आमचं वाचनालय. बोलणं सगळं कोकणीत, पण कपाटातली पुस्तकं झाडून मराठी. ते कपाट सांभाळणाऱ्यांना सगळा गाव काका म्हणायचा. किल्ली त्यांच्या जानव्याला. रविवारी नैवेद्य झाला की कपाट उघडायचं, एकाला दोन पुस्तकं, पंधरा दिवसांनी परत. पावसाला सुरुवात झाली असली तर पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीला सुतळी बांधून द्यायचे. सुतळीही परत आणावी लागे.

कपाटाला वाळवी लागली होती. ती कुठून लागावी, तर मागून. त्यामुळे खालच्या फळीवरच्या बऱ्याच कादंबऱ्यांना शेवटच नव्हता. दोनशे दहा पानं चांगली, मग जाळी, मग पुठ्ठा. मी कावळे सोडून धावत अग्रशाळेत जायचो. काका सुपारी कातरत विचारायचे, "कुठपर्यंत आलास?" मी सांगायचो. मग ते अडकित्ता खाली ठेवून पुढचं सांगायचे, अगदी संवादांसकट. एका कादंबरीतले दोघं, पुण्याचे, घरच्यांच्या विरोधाने अगदी रडकुंडीला आलेले, तेवढ्यात वाळवी आडवी आली. काकांनी त्यांचं लग्न मंगेशीला लावून दिलं. जेवणात खतखतें, आमच्याकडची मिश्र भाजी, होतं. पुण्याची माणसं लग्नाला मंगेशीला कशी आली, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

पडला तो पंचवीसेक वर्षांनी, पणजीला. पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात, म्हणजे १८३२ साली सुरू झालेल्या त्या ग्रंथालयाच्या नव्या इमारतीत, मी जूनच्या यादीतलं काहीतरी शोधत होतो आणि हीच कादंबरी हाताला लागली. धडधाकट, शेवटासकट. मांडणीपाशी उभ्याउभ्याच शेवटची दहा पानं वाचली. लग्न नाही, काही नाही. ती एकटी आगगाडीत बसते, तो फलाटापर्यंतसुद्धा येत नाही. मी पुस्तक मिटून जागेवर ठेवलं. रागच आला, पण लेखकाचा. काकांनी इतकं सगळं जुळवून आणलं होतं!

'कादंबरी' हा शब्द आपण बाणभट्टाकडून घेतला. सातव्या शतकातला माणूस, हर्षाच्या दरबारातला. त्याची 'कादंबरी' लिहून पुरी होण्याआधीच तो गेला आणि उरलेली त्याच्या मुलाने, भूषणभट्टाने, पुरी केली. म्हणजे मराठीत या सगळ्या प्रकाराला जे नाव आहे, ते मुळात एका अर्धवट राहिलेल्या पुस्तकाचं. हे वाचलं तेव्हा मला न वाचलेल्या याद्यांबद्दल थोडा धीर आला होता. आता लिहिताना मात्र भूषणभट्टच डोळ्यांसमोर येतो, हातात अडकित्ता घेतलेला.

गेल्या जत्रेला गावी गेलो होतो. अग्रशाळेला नवीन फरशी बसवली आहे, खोल्यांना पंखे आले आहेत. कपाट जिन्याखाली सरकवलेलं, कुलूप तसंच. किल्ली कोणाकडे असते म्हणून विचारलं, तर समितीतला मुलगा म्हणाला, त्यात काय आहे तेच कोणाला ठाऊक नाही. काकांना जाऊन बरीच वर्षं झाली. किल्ली त्यांच्याबरोबरच गेली असावी, जानव्याला होती.

आईने नव्या बरणीखाली घालायला कागद मागितला. बिल शोधून दिलं, कोरं. या वर्षीची यादी वहीत केली आहे, पाचच. चार नावं लिहून झाली. पाचव्या आकड्यापुढे आगगाडीवाल्या त्या कादंबरीचं नाव लिहून दोनदा खोडलं.