कुंचीवाली कॉफी

व्हेनिसचे दोन दिवस रांगांमध्ये गेले, त्यावर काही लिहावंसं वाटत नाही. तिथून आगगाडीनं दोनेक तासांवर त्रिएस्ते, इटलीतलंच एक बंदराचं शहर. नवऱ्याला बंदर बघायचं होतं, मला नुसतं बसायचं होतं. पण तिथला तो प्रसिद्ध बोरा वारा असा सुटला होता की बंदर राहिलं बाजूला, आम्ही समोर दिसेल त्या कॉफीच्या दुकानात घुसलो.

काउंटरवर ऐटीत म्हटलं, "दोन कापुचिनो." आले काय, तर भातुकलीतले दोन कप! दोन घोटांत संपले. एवढ्या थंडीत ही चेष्टा? मी जरा तणतणतच विचारलं, "मोठा नाही मिळत?"

काउंटरमागच्या बाई हसल्या. मोठा हवा असेल तर इथे 'काफेलाते' मागायचं. साधी काळी एस्प्रेसो म्हणजे 'नेरो'. छोटा कापुचिनो तो 'कापो', आणि काचेच्या ग्लासात हवा असेल तर 'कापो इन बी'. त्यातला बी म्हणजे 'बिक्किएरे', ग्लास. बाकीच्या इटलीतून आलेला माणूसही इथे फसतो म्हणे. मग त्यांनी माझा रिकामा कप तिरका केला. तळाशी तपकिरी ओघळ उरला होता. त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "साधूचा झगा."

त्रिएस्ते 1918 पर्यंत ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजघराण्याकडे होतं. व्हिएन्नात 'कापुझिनर' नावाची कॉफी मिळायची: काळ्या कॉफीत सायीचे थेंब टाकत जायचं, कापुचिन साधूंच्या झग्याचा रंग येईपर्यंत. हे साधू सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती साधूंच्या पंथातून वेगळे झाले. अंगावरच्या टोकदार टोपीवरून लोकांनी त्यांना हे नाव ठेवलं. 'काप्पुच्चो' म्हणजे झग्याची टोपी आणि 'इनो' हा लाडाचा प्रत्यय. म्हणजे शब्दशः कुंचीच की! आजीनं शिवलेली, गोंडा लावलेली माझी कुंची अजून आईच्या कपाटात आहे.

फेस म्हणजे साधूची टोपी, असं मला आजवर निदान तिघांनी तरी छातीठोकपणे सांगितलंय. पण वाफेच्या यंत्राचा तो फेस विसाव्या शतकातला, आणि कापुझिनर त्याच्या आधीचा. नाव रंगावरून पडलं. 1683 च्या व्हिएन्नाच्या वेढ्यात मार्को द'आव्हियानो नावाच्या कापुचिन साधूनं ही कॉफी शोधली, अशीही एक कथा आहे. साधू खरा, कॉफीची गोष्ट मात्र दंतकथा.

मला खरी गंमत वाटली ती आपल्याकडची. संस्कृतात 'कषाय' म्हणजे काढा आणि त्यात रंगवलेलं संन्याशाचं वस्त्र ते 'काषाय'. तिकडे झग्यावरून पेयाला नाव, इकडे काढ्यावरून झग्याला. हे मी नवऱ्याला रंगात येऊन सांगत होते, तो आपला साखरेच्या पुड्या खिशात भरत होता.

दुसऱ्या दिवशी मी 'कापो इन बी' मागितला आणि बरोब्बर मिळाला. नवरा म्हणाला, "मला नको ते कापो-बिपो, लाते द्या." 'लाते' म्हणजे नुसतं दूध. आलंच, ग्लासभर, थंडगार. खिशातल्या दोन पुड्या टाकून त्यानं ते निमूट पिऊन टाकलं.