भीती कशी पेरली जाते

सिंहगड रोडच्या सोसायटीत असो की पेठेतल्या वाड्यात, गुरूच्या धाकावर चालणाऱ्या पंथात नव्या माणसाला आधी नुसती माया मिळते. ‘ताई, जेवलात का?’पासून मुलाच्या दहावीपर्यंत सगळी विचारपूस. त्याच गप्पांत घरातली भांडणं, कर्ज, आजारपण बाहेर पडतं आणि थेट वर पोचतं. पुढे बैठकीत ‘महाराजांनी ओळखलं’ म्हणून तेच समोर येतं. माणूस गारच पडतो.

मग नियम, तेही मुद्दाम न पाळता येण्याजोगे. मनात शंकासुद्धा आणायची नाही! शंका सगळ्यांनाच येते, म्हणून प्रत्येक जण कायम अपराधी. गाडी घसरली तर सेवा चुकली. नुसतं खरचटलं तर गुरुकृपेने वाचलात. पहाटेची सेवा, रात्री उशिरापर्यंत बैठक; झोप तुटली की विचार करायची ताकदच उरत नाही. सोडून गेलेल्याशी बोलायला बंदी, कारण तो धडधाकट दिसला तर शापाची भीती टिकणार कशी?

घरच्यांनी ‘आम्ही की ते’ असा पेच टाकू नये. माणूस तिकडेच ढकलला जातो. टिंगल नको, फोन चालू ठेवा, घराची कागदपत्रं सांभाळा. अलौकिक शक्तीचा धाक दाखवून लुबाडलं, तर २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे: ६ महिने ते ७ वर्षे कैद. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्टला पुण्यातच खून झाल्यावर त्याच महिन्यात त्याचा अध्यादेश निघाला. समाजातून वाळीत टाकलं, तर २०१६चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा. तक्रार सरळ जवळच्या पोलीस ठाण्यात द्या. धमकीचे मेसेज मात्र आधी जपून ठेवा.