चिमट्यांची पिशवी: जीन्सचा एक पाय, मच्छरदानीची जाळी आणि तीन रविवार

पिशवी काल संध्याकाळी एकदाची दोरीला लटकली, आणि आज सकाळी आईने कपडे वाळत घालताना तिच्यातून मूठभर चिमटे काढले तेव्हा मी हातातला चहा तसाच ठेवून बघत उभा होतो. तीन रविवार गेले या एका पिशवीत. वस्तू साधीच आहे पण कुठे काय चुकलं आणि कशाने जमलं ते सगळं लिहून ठेवतोय, कोणी करायला घेतली तर निदान त्याचं कापड तरी वाचेल.

आधी कशासाठी ते सांगतो. आम्ही रत्नागिरीत, म्हणजे पाऊस लागला की कपडे मागच्या पडवीत नायलॉनच्या दोऱ्यांवर, आणि चिमटे बारा महिने दोरीवरच लावलेले. एप्रिल-मेच्या उन्हात प्लास्टिक कडक होतं आणि मग पावसाळ्यात ओली चादर लावताना चिमटा नेमका बोटात मोडतो. स्प्रिंगला गंज चढतो तो वेगळाच. बाबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर खांद्याला तांबूस डाग पडला तो लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवलं तरी पूर्ण गेला नाही, त्या दिवशी ठरवलं की चिमट्यांसाठी पिशवी करायचीच.

पहिला रविवार. मांजरपाट घरात होतं, रात्रभर पाण्यात भिजवून वाळवून घेतलं (कोरं मांजरपाट चांगलंच आकसतं, न भिजवता कधीच कापू नका), आणि सरळ नाडीची पिशवी शिवली. दोन बाजूंना टीप, वर दुमडून नेफा, त्यात नाडी. अर्ध्या तासात तयार, दिसायलाही सुबक. आईने दोन दिवस वापरली आणि तिसऱ्या दिवशी चिमटे परत दोरीवर. मी विचारलं तर म्हणाली, "अरे, एका हातात ओलं पातळ, दुसऱ्या हाताने नाडी सोडू की चिमटा काढू?" बरोबरच होतं तिचं. शिवाय पावसाची झड पडवीत आत येते तेव्हा तळाला पाणी मुरायचं आणि चिमटे त्या ओल्या कापडात बसून राहायचे, म्हणजे गंजाची सोयच. त्यामुळे दोन गोष्टी पक्क्या झाल्या, तोंड कायम उघडं पाहिजे आणि तळातून पाणी गेलं पाहिजे. पुढचं सगळं शिवणकाम या दोन गोष्टींसाठीच केलंय.

दुसरा रविवार, कटिंग. आता हँगरवाली पिशवी करायची ठरवली, म्हणजे आत लहान मुलांचा १२ इंची हँगर आणि पुढून हात घालायला तोंड. कापड माझ्या जुन्या जीन्सच्या एका पायाचं. माझ्या पँटीला आतल्या बाजूची शिवण दुहेरी पक्की होती आणि बाहेरची साधी इंटरलॉकवाली, म्हणून बाहेरची उसवली, आतलीला हात लावला नाही, ती पाठीच्या मधोमध उभी येऊ दिली, तेवढीच मजबुती. हँगर कागदावर ठेवून खांद्याचा उतार पेन्सिलीने काढला. तयार रुंदी १३ इंच, उंची १५, त्यातले खालचे ४ इंच जाळीचे, आणि सगळीकडून अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेलं जास्तीचं कापड. मी पाव इंच सोडणार होतो, आईने कात्री धरायच्या आधीच विचारलं "माया किती ठेवलीस?" आणि परत आखायला लावलं. जीन्सचे धागे सुटतात ना, पाव इंचात शिवण टिकलीच नसती.

तोंडाच्या मापावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो घालवाच. आधी पुठ्ठ्याच्या खोक्याला ६ इंच रुंद लंबगोल कापून बघितला. रिकामा हात आरामात आत जातो, पण मुठीत सहा चिमटे घेऊन हात बाहेर काढायला गेलं की मनगटाशी अडकतो. ७ इंचालाही चिमट्यांची टोकं कडेला घासत होती. ८ इंच रुंद आणि ५ इंच उंच केला तेव्हा मूठ न अडकता बाहेर आली, हात ओला करूनही बघितलं. हे कापडावर केलं असतं तर पुढचा भाग तीनदा वाया गेला असता. आणखी एक, तोंडाची खालची कड पिशवीच्या अर्ध्याच्या वरच ठेवा, नाहीतर चिमटे बाहेर डोकावतात आणि वाऱ्याने पिशवी हलली की टपाटपा खाली पडतात.

तोंड शिवलं ते असं. जीन्सच्या सुलट बाजूवर मांजरपाटाचा तुकडा ठेवला, उलट बाजूने लंबगोल आखून त्या रेघेवर टीप मारली, मग मधलं कापड पाव इंच सोडून कापून काढलं आणि गोलाईवर अर्ध्या-अर्ध्या इंचावर काप दिले. इथे माझी कात्री दोन ठिकाणी टिपेच्या पलीकडे गेली. उलटवलं तर तिथे बारीक भोकं. परत आत उलटवून त्या दोन जागी जरा आतून दुसरी टीप मारली, आता भोक नाही पण गोलाई तिथे किंचित चपटी आहे, मला दिसते. काप देताना कात्रीचं फक्त टोक वापरा, पूर्ण पातं नको. मग उलटवून, इस्त्री करून वरून कडेला एक टीप. तरी कड ढिली पडायला लागली म्हणून आतून कॉलरला लावतात तो पेस्टिंगचा कॅनव्हास एक इंची पट्टी कापून इस्त्रीने चिकटवला. तोंड आता ताठ उघडं राहतं. माझ्या मते या पिशवीतलं सगळ्यात कामाचं काम हेच.

जाळी जुन्या नायलॉन मच्छरदानीची. ती मशीनखाली सरकते आणि दात तिला खाली ओढतात, तीन वेळा उसवलं. शेवटी खाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवून टीप मारली आणि नंतर कागद फाडून काढला, एकदम सरळ आली. जाळीची कड नुसती ठेवली की ताणून फाटते, म्हणून वरून उरेप पट्टी, म्हणजे तिरक्या कापाची कापडी पट्टी.

तिसरा रविवार म्हणजे जोडणी, आणि सगळा त्रास खांद्यांवर. तिथे जीन्सचे दोन थर, कॅनव्हास आणि मांजरपाट एकत्र येतात. १४ नंबरची सुई पहिल्याच खांद्याला मोडली. त्याहून जाड १६ नंबर लावली, टाका मोठा केला, जाड जागा खलबत्त्याच्या बत्त्याने ठोकून चपटी केली (खाली लाकडी पाट ठेवून) आणि तेवढ्या दोन इंचात पायाने न चालवता हाताने चाक फिरवून एकेक टाका घेतला. वेळ लागतो पण सुई वाचते. मध्येच खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता व्हायला लागला, मी बॉबिन (खालच्या दोऱ्याची रीळ) तीनदा काढून घातली, आणि दोष निघाला वरच्या दोऱ्याचा, तो टेन्शनच्या, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या, चकत्यांमध्ये बसलाच नव्हता. खाली गुंता दिसला की आधी वरचा दोरा काढून नीट ओवा.

हँगरच्या आकड्यासाठी वर मधोमध अर्धा इंच जागा सोडली आणि तिच्या कडा काजाच्या टाक्याने हाताने भरल्या, कारण दोरीवर पिशवी सरकवताना सगळा ताण तिथेच येतो. हे आईने केलं. तिचा टाका माझ्यापेक्षा बारीक आणि एकसारखा येतो, मी शेजारी बसून बघत होतो.

भरायच्या आधी सगळे चिमटे तपासले. गंजलेले चौदा काढून टाकले. स्प्रिंगचा चिमटा अमेरिकेत व्हर्मांटच्या डेव्हिड स्मिथने १८५३ साली पेटंट केला, म्हणजे इतकी वर्षं झाली तरी तारेचं ते एक वेटोळं गंजलं की चिमटा गेलाच, म्हणून तर जाळीचा एवढा खटाटोप. ४८ चांगले निघाले, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ३१० ग्रॅम भरले, तेवढ्याने हँगर वाकत नाही. तांब्याभर पाणी मुद्दाम वरून ओतून बघितलं, जाळीतून लगेच खाली गेलं.

आज आईने पिशवी दोरीवर सरकवत सरकवत पूर्ण ओळ लावली, चिमटा घ्यायला एकदाही मागे यावं लागलं नाही. तिने एकच बदल सांगितलाय, जाळी ४ ऐवजी ६ इंच हवी, कारण तळाशी किती चिमटे उरले ते बाहेरूनच दिसतं. जीन्सचा दुसरा पाय उसवून ठेवलाय, ती पिशवी मामीला जाणार आहे, तिच्यात ६ इंच करतो.